खंदकाकडचे

दाल फोस्सोने जेवता जेवता आपल्या आडनावाचा अर्थ सांगितला आणि देवानंद बोरसळकरचा सांबारभात कालवणारा हात ताटातच थांबला. तसं घडलं काहीच नव्हतं. मस्कतजवळच्या अल खौदच्या साइट ऑफिसचं कॅन्टीन, म्हणजे एक लांबडा पत्र्याचा कंटेनर, त्यात घरघरणारे दोन एसी आणि दुपारी एकला जेवायला बसलेली आठदहा माणसं. सीबच्या वस्त्यांना सांडपाण्याचे पाइप जोडायचं काम चाललं होतं, आणि जुने फुटके पाइप न खणता त्यांना आतून अस्तर कसं लावायचं हे शिकवायला कंपनीने हा साठीचा इटालियन आणला होता. ऑफिसात सगळे त्याला मिस्टर दाल म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्या दिवशी मोहितेने विचारलं, सर, तुमच्या नावाला काही अर्थबिर्थ आहे का. संत्रं सोलत दाल फोस्सो म्हणाला, आहे तर. फोस्सो म्हणजे खंदक, दाल म्हणजे तिथून आलेला. त्यांच्या गावाला तट होता, तटाबाहेर खंदक होता, आणि खंदकाच्या काठी कातडी कमावणारे राहायचे. कातडी मऊ करायला कुत्र्याची विष्ठा लागे, खरवडलेले केस आणि चरबी पाण्यात सोडून देत, आणि गावची उरलेली घाण उतरून तिथंच येई. ही माणसं चर्चमध्ये आली की पुढच्या बाकांवरच्या बायका नाकाला रुमाल लावत. कधीतरी कुणा पाद्र्याला वहीत त्यांचं नाव लिहायची वेळ आली, आणि त्याने लिहिलं, खंदकाकडचे. "तेव्हापासून आम्ही त्या दुर्गंधीचे वतनदार," अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत बोलून त्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली, आणि अख्खं टेबल हसलं.

देवानंदही हसला. हसताना त्याला तोंडात सांबाराची चव बदललेली कळली, चिंच जुनी झाल्यावर लागते तशी. त्याला किळस आली होती, आणि ती कुत्र्याच्या विष्ठेची नव्हती. विष्ठेचं त्याला काय, अकरा वर्षं तो याच धंद्यात होता. सासुरवाडीला आपण पाण्याच्या प्रोजेक्टवर आहोत असं तो सांगत असे, आणि ते खोटंही नव्हतं. किळस आली ती त्या हसण्याची. केरळी अकाउंटंट, इजिप्तचा सर्व्हेयर, मोहिते, सगळे किती मायेने हसले! गोऱ्याच्या पूर्वजांची घाण कशी गोड लागते, कशी जेवणावर चघळता येते. हाच किस्सा टेबलावरच्या दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मोहितेने आपलं ताट हळूच चार बोटं मागे ओढलं असतं, हे देवानंदला जसं दिसत होतं तसं तिथं कुणालाच दिसत नव्हतं.

मग मोहिते म्हणाला, सर, आमच्याकडे पण हीच पद्धत. हा बोरसळकर बघा. बोरसळचा म्हणून बोरसळकर, आणि गंमत म्हणजे माझंही गाव बोरसळच. रणधीर मोहिते सोहारच्या कामावरून बदलून येऊन आठच दिवस झाले होते, आणि पहिल्याच दिवशी देवानंदच्या दारावरची पाटी वाचून त्याने आरोळी ठोकली होती. तेव्हापासून देवानंद त्याला या ना त्या कारणाने चुकवत होता. आता दाल फोस्सोचे डोळे चमकले. त्याने अंगठा वर केला आणि अगदी निर्मळपणे विचारलं, पण बोरसळमध्ये नेमकं कुठं? आम्ही खंदकाकडचे, तुम्ही कुठले? टेबल देवानंदकडे बघू लागलं. देवानंद म्हणाला, वरच्या अंगाला. हे दोन शब्द इंग्रजीत किती सोपे होते. हात धुताना मोहिते बेसिनपाशी त्याला खेटून उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "वरची आळी म्हणजे कुळकर्ण्यांचेच की तुम्ही. ते पुण्याला गेले आणि बोरसळकर झाले, हे आमचे वडील नेहमी सांगायचे. एवढे दिवस बोलला नाहीत हो साहेब." देवानंद कागदी रुमालाने एकेक बोट पुसत होता. नाही म्हणायला त्याच्याकडे चांगली अर्ध्या मिनिटाची सवड होती. तो नुसता हसला, आणि मोहितेने त्याचा खांदा दाबला.

संध्याकाळी माबेलाला घरी जाताना रस्ता नेहमीसारखा तुंबला होता. पुढच्या गाड्यांच्या लाल दिव्यांकडे बघत देवानंद मनात स्वतःची बाजू मांडत राहिला आणि दर वेळी हरत राहिला. आपण खोटं काय बोललो? बोरसळकर हे नाव खोटं नाही, पासपोर्टवर आहे, डिग्रीवर आहे. त्याच्या वडिलांनी ते चौऱ्याहत्तर साली रीतसर प्रतिज्ञापत्र करून, गॅझेटमध्ये छापून घेतलं होतं. त्याआधी ते धेंडे होते. पुण्यात नोकरीला लागलेल्या त्या तरुण कारकुनाला सहा घरमालकांनी खोली आहे म्हणून बोलावलं आणि आडनाव ऐकून खोली कालच गेली म्हणून सांगितलं. सातव्याकडे जायच्या आधी ते कोर्टात गेले. लोकांना वाटे बिचाऱ्याने लपण्यासाठी नाव बदललं. वडील तसे नव्हते. त्यांनी खोली मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात दारावर नव्या आडनावाची पाटी लावली आणि पाटीखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत जयभीम लिहिलं, त्यावर जी काही भांडणं झाली ती केली आणि त्याच खोलीत नऊ वर्षं काढली. ते म्हणत, ज्या गावानं आत घेतलं नाही त्याचं नावच उचलून आणलंय मी. आता मी जाईन तिथं त्या गावाला माझ्या मागं यावं लागतं. असं म्हणताना ते खूश असायचे, जिंकलेल्या माणसासारखे. देवानंदने पाटी ठेवली आणि खालची ओळ पुसली. कधी पुसली ते त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. कॉलेजात कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, नोकरीत विषय निघाला नाही म्हणून राहिलं, आणि परदेशात तर कोण कुणाचं? ऑफिसातल्या प्रितमने एकदा एप्रिलमध्ये जयंतीला आग्रहाने नेलं होतं, तेव्हा तो हॉलच्या शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला होता, गाडी चुकीच्या जागी लावल्यासारखा. घरी दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती, पण हल्ली शोपीस म्हणून ती कुणाच्याही घरी असते. येणारे म्हणत, किती शांत वाटतं हो. आणि तो म्हणत असे, हो ना.

बोरसळला तो एकदाच गेला होता, नऊ वर्षांचा असताना. वडिलांनी त्याला गाव दाखवलंच नाही. एसटीतून उतरल्यावर ते वेशीकडे न वळता कडेकडेने खाली घेऊन गेले. गावकुसाच्या पडक्या दगडांमागे एक घळ होती, ओढ्यासारखी, पाणी नसलेली. इथं तुझा आजोबा मेलेली ढोरं ओढून आणायचा, वडिलांनी सांगितलं. गाव ढोर जिवंत असेपर्यंत दूध प्यायचं आणि मेलं की निरोप धाडायचं. इथंच सोलायची, इथंच वाटे पडायचे, कुत्री आणि गिधाडं त्या तिथं बसून वाट बघायची. आता तिथं ढोरं नव्हती, पण एक कोंबड्यांचा फार्म झाला होता आणि त्याची घाण वरून थेट त्या घळीत सोडलेली होती, पिसं, आतडी, काळपट चिखल. तो वास देवानंदच्या नाकातून थेट पोटात गेला. त्याने हाताने नाक गच्च धरलं. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याचं मनगट धरून हात सावकाश खाली आणला आणि तसाच धरून ठेवला. किती वेळ, त्याला आठवत नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्याला तो वास घ्यावा लागला. त्या दिवशी त्याला वडिलांचा राग आला होता. एवढ्या लांब येऊन हे दाखवायचं? पुढे इंजिनीअर झाल्यावर, अंगात रबरी सूट घालून पहिल्यांदा मॅनहोलमध्ये वाकला तेव्हा त्याला वाटलं की बापाने आपल्याला त्या दिवशी धंद्याला लावलं. पण तेही त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

दोन दिवसांनी दाल फोस्सोला घेऊन त्याला सीबच्या पंपिंग स्टेशनवर जावं लागलं. जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जमिनीत चाळीस फूट खोल विहीर होती, आणि सगळ्या वस्तीचं मैलापाणी उतरून तिथं गोळा होत होतं. बांगलादेशी कामगारांनी झाकण बाजूला केलं आणि गरम वाफेबरोबर तो वास वर आला, अंड्यांचा, साबणाचा, कुजलेल्या भाताचा. सप्टेंबरचं ऊन आणि समुद्राची दमट हवा, त्यात तो वास सुटा राहात नाही, कपड्यांत बसतो. दाल फोस्सोने नाकावरचा मास्क खाली ओढून एक खोल श्वास घेतला आणि दारूची पारख करावी तसं म्हणाला की तेल जास्त आहे, इथले लोक तळण खूप खातात. देवानंदला त्याचा मनापासून वीट आला. त्याने विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. हे नाव बदलावं असं तुमच्या घरात कधी कुणाला वाटलं नाही? दाल फोस्सोला प्रश्नच समजला नाही. कशाला, त्याने विचारलं. त्याचे वडील दाताचे डॉक्टर होते, आजोबांची चपलांची दुकानं होती. खंदक दोनशे वर्षांपूर्वी बुजवला. आता त्यावर नगरपालिकेचं पार्किंग आहे, शनिवारी बाजार भरतो, तिथं उत्तम चीज मिळतं. कधी आलास इटलीला तर दाखवतो, असं म्हणून त्याने देवानंदच्या पाठीवर थाप मारली. म्हातारा वाईट नव्हता. तो वाईट असता तर बरं झालं असतं. ज्याचा खंदक बुजला त्याला खंदकाचं कौतुक, देवानंद मनात म्हणाला. तो बुजवला कुणी, किती वर्षं लागली, मध्ये किती जण त्या वासातच जगून मेले, ते या माणसाला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. आपल्याकडचा अजून उघडा आहे. अजून लोक नाव ऐकून थांबतात आणि विचारतात, म्हणजे कुठल्या आळीचे. विहिरीच्या कठड्यावर टेकून तो खालच्या काळ्या फेसाकडे बघत राहिला. ती घाण त्याला घाण वाटली नाही. ती निदान कुणाचंही नाव न विचारता सगळ्यांची एकत्र वाहात येत होती.

त्याच आठवड्यात मोहितेने आमंत्रण दिलं. केबिनचं दार लोटून, खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली करून बोलला, म्हणजे कामाचं नसणार हे देवानंदला कळलं. यंदा सर्वपित्री अमावास्या शुक्रवारी येतेय, सुट्टीच आहे, मोहिते म्हणाला. वडील जाऊन चार वर्षं झाली. बोरसळला त्यांच्या घरी, पाटलांच्या वाड्यावर, पितरांना पहिलं पान कुळकर्ण्यांच्या घरच्या माणसाचं मांडायचे, पणजोबांपासूनची रीत. कुळकर्णी पुण्याला गेल्यावर ती मोडली आणि वडिलांना शेवटपर्यंत त्याची रुखरुख होती. मग मस्कतमध्ये, इतक्या लांब, आपल्याच गावच्या कुळकर्ण्यांचा माणूस शेजारच्या केबिनमध्ये निघावा, याला काय म्हणायचं? त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. देवानंदला त्याच्या नाकावरचे घामाचे थेंब दिसत होते आणि डोक्यात एकच गोष्ट चालू होती, की हे आत्ताच्या आत्ता थांबवलं पाहिजे. तो म्हणाला, आम्ही असलं काही फारसं करत नाही. मोहिते म्हणाला, तुम्ही करू नका, नुसते जेवा. आणि हात जोडले.

"जा की," त्याची बायको नंदा म्हणाली. रात्रीच्या पोळ्या लाटत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. "बामण होऊन जेवून या. खीर वाढतील." देवानंद म्हणाला, नाही कसं म्हणू, काय कारण सांगू? "कारण तुमच्या बापानं गॅझेटात छापून ठेवलंय," नंदा म्हणाली. तिच्या सासऱ्यांबद्दल ती फारसं बोलत नसे, आणि म्हणूनच ते लागलं. त्यांची मुलगी भावना टेबलावर अभ्यास करत होती, तिने अडखळत मराठीत विचारलं की पितर म्हणजे घोस्ट असतात का. नंदाने तिला सांगितलं की आपण ते मानत नाही, बाबासाहेबांनी आपल्याला शपथ दिली आहे, श्राद्ध करणार नाही म्हणून. मग बाबा का जातायत, भावनाने विचारलं. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ऑफिसचं आहे. पोरगी पुन्हा पुस्तकात गेली, पण जाण्याआधी तिने आईकडे एकदा बघून घेतलं, आणि ते बघणं देवानंदला पुढचे नऊ दिवस पुरलं. या नऊ दिवसांत तो मोहितेच्या केबिनपर्यंत पाच वेळा गेला. एकदा तर तोंड उघडलं आणि पाइपच्या डिलिव्हरीबद्दल बोलून परत आला. सगळ्यात घाणेरडी गोष्ट त्याला शेवटच्या रात्री कळली, कुशीवर वळताना. त्याला जायचं होतं. पाटलाची सून आपल्या पायांवर पाणी घालते कशी, हे त्याला बघायचं होतं. स्वतःच्या अंगावरून गोम फिरावी तसा तो शहारला आणि उठून बसला.

मोहितेचा फ्लॅट अल खौदमध्ये विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. दारातच मोहितेची बायको किशोरी तांब्या आणि परात घेऊन उभी होती, नऊवारी नेसून, घामाने चेहरा ओला. देवानंदने मोजे काढले. पाणी कोमट होतं, टाकीचं. मोहिते गुडघ्यांवर बसला आणि टॉवेलने त्याचे पाय पुसू लागला, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा, अगदी निगुतीने, आणि देवानंदला वरून त्याच्या डोक्यावरचं विरळ होत आलेलं चक्र दिसत राहिलं. नऊ दिवस ज्या क्षणाची त्याने चोरून वाट पाहिली होती तो हा. त्यात काहीही नव्हतं. दुसऱ्याच्या ओल्या हाताचा स्पर्श होता, आणि पाय मागे ओढून घ्यायची इच्छा. आत जमिनीवर घडी घातलेली सतरंजी, समोर मॉलमधून आणलेलं केळीचं पान, कडेने रांगोळी. पानावर डावीउजवी सांभाळून सगळं मांडलं होतं, आमसुलाची चटणी, कारलं, गवार, भोपळा, अळूची भाजी, उडदाचे वडे, कढी, मध्ये तांदळाची खीर. बाल्कनीत कावळ्याचा वेगळा घास ठेवला होता आणि दोन कावळे आधीच कठड्यावर येऊन बसले होते. मस्कतला कावळ्यांना तोटा नाही, मोहिते समाधानाने म्हणाला, आपल्याकडूनच जहाजांवर आलेत म्हणे. कावळ्यांनी वडा उचलला आणि किशोरीने सुटकेचा श्वास टाकला.

भिंतीवर मोहितेच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. फेटा, जाड मिशा, ओठांच्या कोपऱ्यात हसू. देवानंदने पहिला घास तोंडात घातला आणि त्याला तो माणूस ओळखू आला. घळीकडून परत एसटीच्या थांब्याकडे येताना पिंपळाच्या पाराशी एका बुलेटवर हाच माणूस बसला होता. त्याने वडिलांना हाक मारून विचारलं होतं, कुणाचा रं तू? वडिलांनी सांगितलं, बोरसळकर. तो माणूस इतका हसला की बुलेट हलली. "तू बोरसळकर?" तो म्हणाला होता. "मग आम्ही कोण?" वडील शांतपणे म्हणाले होते, ते तुम्ही शोधा. आणि देवानंदचा हात धरून चालू लागले होते, पाठीमागून शिव्या येत असताना, न वळता, न भरभर पाय उचलता. ही गोष्ट देवानंद विसरला होता असं नाही. त्याने ती कुठंतरी ठेवून दिली होती आणि जागा विसरला होता. आता घास तोंडात फिरत होता आणि खाली जात नव्हता. खिरीवरची साय ओठाला चिकटली. किशोरी म्हणाली, आणखी घ्या, संकोच करू नका, वाटीने खीर वाढली. तो गिळत गेला. तुपाचा, अळूचा, गुळाचा वास एकमेकांत मिसळून त्याच्या नाकातोंडात बसला, आणि त्याला वाटलं की आपण अकरा वर्षं गटारं उपसली पण घाण म्हणतात ती ही, आत्ता आपल्या घशातून उतरतेय ती. समोरच्याची नाही, ही बिचारी माणसं मनापासून वाढतायत. आपली. आपल्या बापाने भर पारावर जे नाव कमावलं ते पांघरून आपण इथं त्याच माणसाच्या आत्म्याला जेवू घालायला बसलोय. आणि बापाच्या नावाने आपण कधी एक मेणबत्तीही लावली नाही.

पान संपत आलं. मोहिते समोर येऊन उभा राहिला, हात जोडून, किशोरी त्याच्या मागे खिरीचं पातेलं आणि पळी घेऊन. आता एकच राहिलं होतं. जेवणाऱ्याला विचारायचं आणि त्याने तो शब्द म्हणायचा, की वरच्यांना पोचलं. जेवणारा जोवर म्हणत नाही तोवर ते दाराशी उभे, मोहितेने सांगितलं. मग त्याने घसा साफ केला.

"तृप्त झालात?"

देवानंदने पानाकडे बघितलं. मग फोटोकडे नाही, मोहितेकडे बघितलं. "माझं नाव धेंडे," तो म्हणाला. "आमच्या वडिलांनी बदललं. आम्ही वरच्या आळीचे नाही. गावकुसाबाहेरचे. तुमच्या घरची मेलेली ढोरं माझा आजोबा ओढायचा." त्याला वाटलं होतं आवाज कापेल, तो कापला नाही. त्याला वाटलं होतं आता मोकळं वाटेल, तेही वाटलं नाही. किशोरी खीर वाढायला वाकली होती. तिची पळी पानापासून वीतभर वर उचलली गेली आणि तिथंच राहिली. तिने मुद्दाम केलं नसावं. हाताने आपणच केलं. पळीतून खिरीचा एक ओघळ पानावर पडला आणि तिघेही त्याच्याकडे बघत राहिले.

मोहिते चिडेल, ओरडेल, हाकलून देईल, या सगळ्याची तयारी देवानंदने केली होती. मोहितेचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात जोडलेलेच होते. "ते असू द्या," तो शेवटी म्हणाला. "ते आपल्या तिघांत राहील. कावळा शिवलाय, पान झालंय, आता मोडता येत नाही. तेवढा एक शब्द म्हणा साहेब. वडील खोळंबलेत." देवानंदला आता कळलं. या माणसाला आपण कोण याचं काही नव्हतंच, ना आधी ना आता. त्याला एक तोंड हवं होतं. शिसारीने देवानंदच्या अंगावर काटा आला आणि तो उठला. बेसिनवर हात धुतले, मोजे न घालताच बूट चढवले. मागून किशोरी म्हणत होती, अहो, त्यांना निदान विडा तरी द्या, आणि मोहिते तिच्यावर खेकसला.

खाली पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. गाडीच्या मागे जाऊन तो ओकला, खीर, वडे, अळू, जे जे वाढलं होतं ते, भिंतीला हात टेकून, पोटात काही उरलं नाही तोवर. जुम्म्याच्या नमाजाहून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या ओमानी माणसाने त्याला पाण्याची बाटली दिली आणि काही न विचारता निघून गेला. देवानंदने चूळ भरली, तोंड धुतलं, गाडीत बसून एसी लावला. पोट रिकामं झालं होतं आणि भूक लागल्यासारखं वाटत होतं. नंदाने जेवण ठेवलं असेल का, असा विचार त्याच्या मनात आला. घरी गेल्यावर भावनाला समोर बसवायचं आणि आजोबांपासून सुरुवात करायची. कुठल्या भाषेत सांगायचं ते तिथं गेल्यावर बघू.

फोन वाजला. मोहितेचं नाव होतं. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने उचलला.

"बोला," तो म्हणाला. "धेंडे बोलतोय."

पलीकडे कुठंतरी कावळे ओरडत होते. मग मोहितेने ते नाव घेतलं, अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा साहेब लावून. "धेंडेसाहेब," तो म्हणाला, "फोनवर म्हटलं तरी चालेल हो. हात जोडतो. तृप्त झालो, एवढंच म्हणा."

"नाही मोहिते," देवानंद म्हणाला. "मी उपाशी आहे."

त्याने फोन बंद केला आणि गाडी माबेलाच्या रस्त्याला लावली.